थोरलीचं तेल

चाक फिरलं, पण इंजिनाच्या पोटातून आवाज आला नाही.

मिस्त्री हँडल धरून तसाच वाकून राहिला. मग त्याने पुन्हा एकदा, अगदी हळू, चाकाला पूर्ण वेढा दिला आणि कान लावला. वरच्या अंगाला मघाशी ओतलेलं गरम पाणी खुळखुळलं, पंपाची कडी सवयीप्रमाणे कुरकुरली. पण खाली तळाच्या टाकीत, जिथे दर फेऱ्याला लोखंडी दांडी तेलात बुडून वर येते आणि चुबुक करते, तिथे काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत हा आवाज त्याने कधी मुद्दाम ऐकला नव्हता. आज तो आला नाही तेव्हा त्याला कळलं, की आपण रोज त्याची वाट बघत असतो. त्याने मान वळवून शिडीच्या पायथ्याकडे पाहिलं. तिथे दोन डबे असायला हवे होते. एकच होता, पाण्याचा, रिकामा. त्याच्या तोंडातून अजून थोडी वाफ निघत होती. शेजारची जागा नुसती ओली लोखंडी पट्टी. तेल घरी राहिलं होतं, शेगडीपाशी. हे लक्षात आलं, आणि लगेच, आत अगदी तळाशी, मिस्त्रीला काहीतरी हलकं हलकं वाटलं. ते हलकं वाटणं त्याला तेल विसरण्यापेक्षा जास्त घाबरवून गेलं.

बाहेरून पाहणाऱ्याला हे तेलाचं प्रकरण वेडेपणाचं वाटायचं. लाँच जुनी, इंजिन लाँचहूनही जुनं, कुठल्या तरी मालवाहू जहाजातून काढलेलं. उन्हाळ्यात ते एका झटक्यात सुरू व्हायचं आणि दिवसभर खाली मान घालून राबायचं. पण थंडी पडली, धक्क्याच्या खांबांभोवती पाण्यावर काचेसारखी कड धरू लागली, की त्याचं तंत्र सुरू. तेल रात्रीत गोठून डिंकासारखं व्हायचं. चाक माणसाच्या बापाला हलत नसे. पाणी तर आत बर्फ होऊन लोखंडच फोडायचं. म्हणून रोज संध्याकाळी शेवटची फेरी झाली, की इंजिन गरम आहे तोवर दोन्ही काढून घ्यायची, दोन डब्यांत भरायची, घरी न्यायची आणि रात्रभर शेगडीच्या दोन बाजूंना ठेवायची. सकाळी उजव्या हातात पाणी, डाव्या हातात तेल. आधी पाणी ओतायचं, लोखंडाला ऊब धरू द्यायची, मग तेल. तेल ओतताना वाफ तोंडावर यायची, काळपट, गोडसर. सासऱ्यांनी हे सगळं बसवलं होतं. त्यांनी हे इंजिन विकत घेतलं तेव्हा त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून ते त्याला थोरली म्हणायचे. पुढे मुलगा झाला, तो दादा, त्याच्यामागून मुलगी झाली, तरी थोरली ती थोरलीच राहिली. "थोरली आज नाराज आहे," "थोरलीला सर्दी झालीय," असं ते सगळ्यांसमोर बोलायचे आणि मुलगी शेगडी फुंकत ऐकायची. ती धाकटी, मिस्त्रीची बायको. सुकाणूवाला, ज्याचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून ज्याला अख्खा धक्का रेडिओ म्हणायचा, तो लग्नापासून आजतागायत एकच विनोद करत आला होता: "मिस्त्री, तुमच्या पदरात दोघी बहिणी पडल्या, त्यातली एक अडीच टनांची." मिस्त्री दर वेळी हसायचा. न हसावं असं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

डावा हात. त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या चिरांत काळं बसलेलं, अंगठ्याच्या मुळाशी जुनी भाजल्याची खूण. याच हातात डबा असायला हवा होता. आज सकाळी तो हात डब्याकडे जात असतानाच म्हाताऱ्याने धरला होता. सासऱ्यांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं त्याला दोन हिवाळे झाले होते. त्यांची कॉट शेगडीच्या खोलीत, खिडकीला लावून ठेवलेली होती, कारण तीच एक खोली उबदार होती आणि तिथूनच धक्का दिसायचा. हात मात्र अजून पकडीसारखे. "मिस्त्री," ते म्हणाले. घरातही ते त्याला मिस्त्रीच म्हणायचे, आणि जावई झाल्यापासून अहोजाहो करायचे, त्यामुळे त्यांच्या तोंडी ते नाव एखाद्या पदासारखं वाटायचं. "मिस्त्री, मी रात्री विचार केला. लाँच विकायची नाही. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवा. आणि मी दादाकडेही जायचा नाही. त्याच्या घरातून पाणी दिसत नाही. आजपासून लाँच तुमची. थोरली तुमची. तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे." बायको शेगडीत कोळसे सारत होती. तिची पाठ त्यांच्याकडे होती. चिमट्याचा आवाज थांबला. खोलीत तेलाचा आणि औषधाचा वास होता, खिडकीची काच आतून ओली झाली होती, आणि मिस्त्रीला आठवतंय ते इतकंच, की त्याच्या तोंडून "बरं" निघून गेलं. चिमट्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. म्हाताऱ्याने हात सोडला. मिस्त्रीने उजव्या हाताने पाण्याचा डबा उचलला, आणि डावा हात, जो आत्ताच कुणाच्या तरी मुठीत होता, तसाच अधांतरी घेऊन तो जिना उतरला.

बरं. हा त्याचा शब्दच होता. लहानपणी आई म्हणायची, याला विहिरीत उतर म्हटलं तरी हा बरं म्हणून दोर शोधेल. तेव्हा ते कौतुक होतं. वर्कशॉपमध्ये लेथवर शिकत होता तेव्हाही उस्तादांनी एकदा सांगितलं, "धक्क्यावर एक जुनं धूड रुसून बसलंय, जा बघून ये, दोन दिवसांचं काम," आणि तो बरं म्हणून आला. हत्यारांची पिशवी आणि अंगावरचे कपडे एवढंच घेऊन आला होता. ते दोन दिवस अजून संपायचे होते. इंजिन त्याने चालू केलं. म्हाताऱ्याने, जो तेव्हा म्हातारा नव्हता, खांद्यावर थाप मारून सांगितलं, हिवाळा निघेपर्यंत रहा. बरं. मग जेवायला घरीच येत जा. बरं. मग एके दिवशी, इंजिनाच्या झाकणावर बसून, दोघांचे हात तेलात असताना, "आमची धाकटी तुम्हाला कशी वाटते?" त्यातही त्याला बरंच म्हणायचं होतं, मनापासून म्हणायचं होतं, ती त्याला आवडायची, तिच्या शिलाई मशीनच्या चाकाचा आवाज ऐकायला तो जिन्यात रेंगाळायचा. पण तोंडातून निघालेलं ते बरं आणि बाकीची सगळी बरं एकाच भांड्यातली वाटली, आणि पुढे कधी तरी भांडणात तिने ते बोलूनही दाखवलं होतं: "मलासुद्धा तुम्ही कामासारखंच पत्करलंत."  तेव्हा थोरलीचा पंप गळत होता आणि त्याला खाली जायचं होतं.

"मिस्त्री! ओ मिस्त्री! झोपलात की काय थोरलीच्या कुशीत?" वरून रेडिओचा आवाज आला, डेकवरच्या झडपेतून त्याचे गमबूट दिसले. "लोक इथं कडकडून आईसफ्रूट झालेत. नर्सबाई म्हणतात मीच खाली येऊन सुई टोचते तिला."

"होतेय, होतेय चालू," मिस्त्री म्हणाला. "लोखंड गार आहे आज."

"लोखंड कधी गरम होतं या दिवसांत? माझं नाक बघा, कुणाचं आहे तेच कळेना." रेडिओ पाय आपटत दूर गेला. वर फळ्यांवर बरेच पाय आपटत होते. त्यांतला नर्सबाईंचा पाय मिस्त्रीला ओळखता यायचा, नेटका, एका लयीत. पलीकडच्या इस्पितळात त्यांची पाळी असायची. बाकीचे गिरणीतले, दुकानांतले, एक शाळामास्तर, रोजचेच. त्यांचे चेहरे त्याला नीट माहीत नव्हते. इतकी वर्षं तो त्यांना बुटांवरून ओळखत आला होता.

ब्लोलँप फुरफुरत होता. हवेच्या नळाला त्याने निळी ज्योत दाखवून ठेवली होती, नळ आता हात लावू देत नव्हता. डिझेलच्या नळीतली हवा काढून झाली होती. बोटावर बुडबुडे यायचे थांबून नितळ थेंब आला होता. तिन्ही सिलिंडरांवरच्या पितळी खिट्ट्या वर होत्या. या खिट्ट्यांना धक्क्यावर कान म्हणतात. कान वर असले की आत दाब धरत नाही आणि चाक हाताने फिरतं. चाकाने वेग घेतला की एक कान पाडायचा, तो सिलिंडर धापा टाकून पेट घेतो, मग दुसरा, मग तिसरा. म्हणजे सगळी तयारी होती. तेल तेवढं नव्हतं. आणि तेल नाही म्हणून इंजिन सुरू होणार नाही असं मुळीच नाही, हे मिस्त्रीइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट ते सुरू होईल. बेअरिंगांना कालचा ओशटपणा चिकटलेला असेल, त्यावर ते थोडा वेळ छान चालेल. धक्क्याला बांधलेलंच असेल, कारण दोर सोडायच्या आधी थोरलीला चांगलं तापू द्यायचा रिवाज होता. कुणाच्या जिवाला काही व्हायचं नाही. मग आवाज बदलेल. आधी एक बारीक कुईकुई, मग घासल्याचा, मग किंकाळी. तरुणपणी त्याने ती एकदा ऐकली होती. वर्कशॉपात एका पोऱ्याने शेतपंपाचं इंजिन कोरडंच चालवलं होतं, आणि उस्ताद जेवणाच्या डब्यावरून उठून उष्ट्या हाताने धावत आले होते. ते पोचेपर्यंत ते जाम झालं होतं. धातू धातूत वितळून बसला होता. उस्तादांनी त्या पोऱ्याला मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत; ते इंजिनापाशी उकिडवे बसून राहिले आणि त्यांनी उष्टा हात पुसला नाही, हे मिस्त्रीला का कोण जाणे नेहमी आठवायचं.

थोरली जाम झाली तर ती पुन्हा उभी राहणार नव्हती. तिचे सुटे भाग बनवणारा कारखानाच उरला नव्हता. लोक म्हणाले असते, थंडीने घेतली. रेडिओ आठवडाभर सांगत फिरला असता. म्हातारा खिडकीशी पडून ती किंकाळी ऐकेल. ऐकेल तर ऐकेल. मग लाँच भंगारात जाईल, म्हाताऱ्याला दादाकडे जावंच लागेल, आणि मागच्या महिन्यात जे सगळ्यांसमोर ठरलं होतं ते होईल. उस्तादांची लेथ रिकामी होती. ते आता स्वतः तिच्यापाशी दिवसभर उभे राहू शकत नव्हते, तरी मुद्दाम पाणी ओलांडून आले होते आणि म्हणाले होते, "तुझी जागा आहे. महिना सरेपर्यंत थांबतो, मग मला दुसरा बघावा लागेल." महिना सरत आला होता. वर्कशॉपच्या वर दोन खोल्या होत्या. बायको बघून आली होती. आल्यावर ती किती बोलत होती त्या दिवशी! स्वयंपाकाला वेगळी खोली, म्हणाली, आणि तिथे कॉट नाही. खिडकी पूर्वेकडे, खाली मशीन बसेल एवढी जागा. तिने हाताच्या वितीने खिडकीचं माप आणलं होतं आणि रात्री शिलाई मशीन पलंगाखालून ओढून, धूळ पुसून, त्याच्या भोकाभोकांत थेंब थेंब तेल सोडत बसली होती. मिस्त्री पडल्या पडल्या बघत होता. ते बाटलीतलं पातळ तेल, त्याला वास नव्हता. तिच्या मानेवर शेगडीचा उजेड पडला होता आणि ती काहीतरी गुणगुणत होती. त्याला वाटलं होतं, आता हे होणार. इतकं सोपं असतं तर इतकी वर्षं का नाही झालं? त्याने कुठे काही केलं होतं? म्हाताऱ्याने मान हलवली होती, म्हणून ते ठरलं होतं. आज म्हाताऱ्याने मान उलटी हलवली.

त्याला हवं होतं. हे त्याने स्वतःशी कबूल केलं, आणि कबूल केल्यावर अंगातून गरम पाणी फिरल्यासारखं झालं. थोरली मरायला हवी होती. त्याला तिचा राग आला, खरा, माणसावर येतो तसा. तिच्या या हिरव्या रंगाचा, तिच्या सर्दीपडशाचा, तिच्या पोटाखाली पालथं पडून घालवलेल्या दुपारींचा, आपल्या अंगाला कायमच्या लागलेल्या तिच्या वासाचा. लग्नाच्या पहिल्या दिवसांत बायको म्हणाली होती, "उशीला तिचा वास येतो." तेव्हा ते दोघं हसले होते. आता ती असं काही म्हणत नव्हती. नुसती उशी उलटी करायची.

त्याने हँडल बसवलं. पाय रोवले. चाकाला एक हेलकावा दिला, दुसरा दिला, आणि चाक घेत गेलं. वजनदार, आज्ञाधारक, कान वर असल्यामुळे फुस् फुस् करत. वेग आला. हा वेग त्याच्या खांद्याला माहीत होता: आता. डावा हात पहिल्या कानावर गेला. पितळ गार होतं. नुसतं बोट वाकवायचं होतं. चाक फिरत राहिलं, फुस् फुस्, आणि खाली टाकीत, कोरड्यात, दांडी हवेत बुडत होती आणि वर येत होती, बुडत होती आणि वर येत होती. बोट वाकलं नाही. त्याने ते वाकवायचा प्रयत्न केला. मनात नाही, खरोखर, दात आवळून. घाम आला, त्या थंडीत. चाक दमलं, अडखळलं, थांबलं. मिस्त्रीने पुन्हा हेलकावा दिला. पुन्हा वेग, पुन्हा हात कानावर, पुन्हा तेच. त्याला रडू आलं नाही, पण तोंड रडल्यासारखं झालं असणार, कारण शिडीवरून डोकावणारा रेडिओ एकदम गप्प झाला आणि रेडिओ गप्प होणं ही काही रोजची गोष्ट नव्हती.

"काय झालं हो?" त्याने हळूच विचारलं.

मिस्त्रीने हँडल काढलं. ब्लोलँप विझवला. फुरफुर थांबल्यावर खाली फार शांतता झाली.

"तेल राहिलं घरी," तो म्हणाला.

"आँ? तेल? तुमचं?" रेडिओला हसू की घाबरू हेच कळेना. मग त्याने वर तोंड करून आरोळी ठोकली, "मंडळी, थोरलीचं औषध घरी राहिलं! आलेच!" वरती कुणी हसलं, कुणी कपाळाला हात लावला. मिस्त्री शिडी चढून त्यांच्यामधून गेला तेव्हा सगळ्यांनी अंग चोरून वाट दिली. नर्सबाई म्हणाल्या, "असू दे मिस्त्री, माणूस आहे, विसरतो," आणि त्याला त्या एवढ्याशा वाक्यानं वाटलं, की आता इथेच बसावं.

धक्क्यापासून घर लांब नव्हतं. दगडी उतार, मग गोदामांच्या मागची बोळ, मग जिना. उतारावर कुणीतरी राख टाकली होती, पाय घसरू नयेत म्हणून. श्वासाची वाफ पुढे जात होती आणि तो तिच्यामागून. आपण परत का चाललोय? हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला, आणि उत्तर इतकं क्षुल्लक होतं की लाज वाटली. लोकांसाठी नाही. म्हाताऱ्यासाठी तर नाहीच. फक्त हाताला ते करता आलं नाही. ज्या हाताने उस्तादांकडून लोखंडाला हळू धरायला शिकलं, तो हात त्याचं ऐकेना. म्हणजे म्हाताऱ्याची मूठ नुसती सकाळची नव्हती. ती आधीपासून याच्याच मनगटात बसलेली होती. एखाद्याला दार उघडं दिसावं आणि आपले पायच आपण घरी ठेवून आलोय हे कळावं, तसं काहीसं. जिन्यात तो थांबला. पूर्वी इथेच थांबून तो मशीनचा आवाज ऐकायचा. आता आतून काहीच आवाज येत नव्हता. चिमट्याचा नाही, भांड्यांचा नाही. त्याने दार ढकललं.

ती शेगडीसमोर पाटावर बसली होती. हात मांडीवर, मोकळे. इतक्या वर्षांत त्याने तिला सकाळच्या वेळी रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर, शेगडीच्या डाव्या अंगाला, तेलाचा डबा होता. ती त्याच्याकडेच बघत होती, दूध उतू जाण्याची वाट बघत बसावं तशी. दार वाजल्यावर तिने मान वळवली. मिस्त्रीला पाहून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते आश्चर्य नव्हतं. तो चेहरा आतून हळूहळू विझला. म्हातारा कॉटवर डोळे मिटून पडला होता.

ती कधीपासून अशी बसली आहे, हे त्याला विचारावं लागलं नाही. तो जिना उतरला तेव्हाच तिने डबा पाहिला असणार. खिडकी उघडून एक हाक मारली असती तर बोळात ऐकू गेली असती.

"हाक का नाही मारलीस?" त्याने अगदी खालच्या आवाजात विचारलं.

"तुम्ही परत का आलात?" तिनेही तेवढ्याच खालच्या आवाजात विचारलं.

तो डब्याकडे बघत राहिला. खरं होतं तेच त्याने सांगितलं, कारण दुसरं काही सांगायला नव्हतंच. "तिला कोरडं कसं चालवणार? हात होईना."

 मग तिने मान हलवली, जणू हिशोब जुळला. "मला चालवलंत की," ती म्हणाली. "इतकी वर्षं. तेव्हा बरा झाला हात."

तिचा आवाज चढला नव्हता. रागही नव्हता त्यात. असता तर त्याला काही तरी करता आलं असतं. तिने पदराने डब्याची कडी पुसली, त्याचा हात निसटू नये म्हणून रोज पुसायची तशी, आणि त्याला तेव्हा दिसलं, की तिच्या हाताचीही बोटं त्याच्यासारखीच चिरांत काळी झाली आहेत. थोरलीचं तेल. ती तर कधी लाँचवर पायसुद्धा ठेवत नसे. मिस्त्रीला तिचा हात धरावासा वाटला. त्याने हात पुढेही केला. पण तो डावा हात होता आणि तिथे कडी होती.

"काय म्हटलं होतं मी?" कॉटवरून आवाज आला. म्हाताऱ्याने डोळे उघडले नव्हते, पण तोंडभर समाधान पसरलं होतं. "ही उठत होती खिडकी उघडायला. म्हटलं, बस गं. हाक नको मारूस, येतात ते. आणि ही खरंच बसली. येणारच होतात तुम्ही. लाँच उगीच नाही दिली तुम्हाला. न्या आता, गार होईल ते."

मिस्त्रीने बायकोकडे पाहिलं. ती शेगडीकडे बघत होती. म्हणजे दोघंही ऐकत बसले होते, एकाच खोलीत, एकाच आवाजासाठी. एकाला खात्री होती की तो येणारच, आणि एकीला वाटत होतं, आज कदाचित येणार नाही. आत्ता बोलायला हवं होतं. लाँच नको मला. एवढे तीनच शब्द होते, ते त्याच्या घशापर्यंत आलेही, त्यांची चव त्याला लागली. म्हाताऱ्याने एक डोळा किलकिला केला आणि म्हणाला, "लोक खोळंबलेत, मिस्त्री."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

ते तो कुणाला म्हणाला हे त्याचं त्यालाही कळलं नाही. डबा गरम होता, जड होता, हातात नेमका बसला. दार ओढून घेताना त्याला वाटलं, ती काही तरी बोलली, पण ते कोळसा ढासळल्याचाही आवाज असेल. त्याने थांबून ऐकलं नाही.

तेल ओतलं तेव्हा वाफ तोंडावर आली, काळपट, गोडसर, आणि त्याने सवयीने डोळे मिटले. पाणी आता कोमट झालं होतं, ब्लोलँप पुन्हा पेटवावा लागला. चाकाला हळू वेढे दिले. चुबुक. चुबुक. मग पाय रोवले, वेग घेतला, पहिला कान पाडला, आणि थोरली पहिल्याच धापेला पेटली. दुसरा, तिसरा. हिवाळ्यात ती इतकी सहज कधीच सुरू झाली नव्हती. फळ्या थरथरल्या, वर लोकांनी टाळ्या वाजवल्या, रेडिओ ओरडला, "आली बघा लाडात!" मिस्त्रीने झाकणावर दोन्ही तळवे ठेवले. ऊब चढत होती. त्याच्या सांध्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय याचीच त्याला शिसारी आली.

इंजिन सुरू झालं की झडपेतून डोकं वर काढून घराच्या खिडकीकडे हात करायचा, हा रोजचा परिपाठ. तिथून म्हातारा काठीने काच वाजवायचा. आवाज इथवर येत नसे, काठी हलताना दिसायची. आणि काठीच्या मागे, उभी, बायको असायची. ती हात बित करायची नाही, नुसती उभी राहायची, थोरली तापून दोर सुटेपर्यंत. आज त्याने हात वर केला. काठी हलली, नेहमीपेक्षा जोरात. काठीच्या मागे कुणी नव्हतं. शेगडीचा तांबूस उजेड तेवढा दिसत होता. मिस्त्रीने हात खाली घेतला नाही. कोळसे सारत असेल, पाणी ठेवत असेल, येईल. नर्सबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. थोरली तापली, तिचा आवाज जाड आणि एकसारखा झाला. रेडिओने दोर सोडला, धक्क्याची भिंत सरकायला लागली, कडेचा पातळ बर्फ कुरकुरत फुटला. हात अजून वरच होता.

"मिस्त्री, कुणाला थांबवताय?" रेडिओने सुकाणूवरून विचारलं.

"कुणाला नाही," तो म्हणाला, आणि खाली गेला. शिडीच्या पायथ्याशी दोन्ही रिकामे डबे इंजिनाच्या ठोक्यावर एकमेकांना लागून वाजत होते. त्याने ते वेगळे करून ठेवले. संध्याकाळी ते दोन्ही भरून घरी न्यायचे होते.